अमेरिकेत फ्रेंच कफ: कुठे घालावा, कसा लावावा, कुठे टाळावा

टक्सेडो (संध्याकाळच्या समारंभाचा काळा औपचारिक सूट) सोडला तर अमेरिकेत फ्रेंच कफ, म्हणजे बटणाऐवजी कफलिंकने लावायचा दुमडलेला कफ, कुठेच सक्तीचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण भारतातून निघताना सूटबरोबर कफलिंकची डबी बॅगेत भरणारे बरेच जण भेटतात. न्यूयॉर्कच्या बँकेत नोकरी म्हणजे कफलिंक हवीच, अशी समजूत असते. त्यातून लग्नात भेट आलेली एखादी जोडी कपाटात पडून असतेच. मग पहिल्या दिवशी ऑफिसात पोचावं तर अख्ख्या मजल्यावर कफलिंक लावलेले आपण एकटेच, आणि आपला मॅनेजर साध्या शर्टावर फ्लीसची बंडी घालून कॉफी ओतून घेतोय.

याचा अर्थ हा कफ वाईट असा अजिबात नाही. मला स्वतःला तो आवडतो. पण इथे तो कुणी, कुठे आणि कशावर घालायचा याचे काही संकेत आहेत, ते कुठे लिहिलेले नसतात, आणि दुकानदार तर सांगतच नाही. मी न्यू जर्सीतून मॅनहॅटनला कामाला जातो. सूटचे दिवस पाहिले, बंडीचेही पाहतोय. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

१. आधी कफ ओळखा

दुकानात साधारण तीन प्रकार दिसतील.

बॅरल कफ म्हणजे आपला नेहमीचा. एका बाजूला काज, दुसऱ्या बाजूला बटण, आणि बटण लावलं की एक कड दुसरीवर चढते. अमेरिकेतला रोजचा कफ हाच.

फ्रेंच कफ लांबीला दुप्पट असतो आणि मागे दुमडून घालतात. त्याला बटण नसतं, चार काजं असतात. आपल्याकडचे शिंपी (आणि इंग्रजही) ज्याला डबल कफ म्हणतात तोच हा. याच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत. दोन्ही कडा आतल्या अंगाने एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि चारही काजांतून कफलिंक आरपार जाते.

कन्व्हर्टिबल कफ हा दोघांच्या मधला. दिसायला बॅरल, पण बटणाच्या बाजूलाही एक जादा काज, म्हणजे हवं तर बटण लावा, हवं तर लिंक. ऐकायला सोयीचं वाटतं, पण लिंक लावली तरी बटण शेजारी दिसत राहतं. पैसे घालवू नका.

२. इथले लोक याच्याकडे कसं बघतात

लंडनमध्ये जर्मिन स्ट्रीटवर शर्ट घेणाऱ्या नोकरदाराला डबल कफ ही रोजची गोष्ट वाटते. अमेरिकेत तसं झालं नाही. पहिल्या महायुद्धाआधी इथेही सुटे कॉलर आणि सुटे कफ सर्रास होते. न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय हे शहर त्या धंद्यावरच मोठं झालं आणि त्याला ‘कॉलर सिटी’ हे नावच पडलं. पुढे कॉलर-कफ जोडलेला मऊ शर्ट आला आणि रोजच्या वापरातून कफलिंक मागे पडली. ब्रुक्स ब्रदर्सने १८९६ मध्ये, इंग्लंडच्या पोलो खेळाडूंकडे बघून, कॉलरची टोकं बटणांनी खाली बसवलेला शर्ट बाजारात आणला. पुढे कॉलेजच्या पोरांपासून ते राष्ट्राध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी तो घातला. ऐसपैस, मऊ, जरासा चुरगळलेला शर्ट ही अमेरिकी पुरुषाची आवड, आणि त्याच्या मनगटाला बटणाचाच कफ शोभतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निवडणुकीच्या दिवसांत इथले उमेदवार बघा. कारखान्यात गेले, शेतावर गेले, की जॅकेट काढतात आणि बाह्या वर सरकवतात. आम्ही कामाची माणसं, हे दाखवायची ही इथली ठरलेली खूण आहे. फ्रेंच कफच्या बाह्या नीट वर सारताच येत नाहीत. दुहेरी कापडाचा गोळा कोपराशी जमतो आणि कफलिंक खिशात ठेवावी लागते. त्यामुळे हा कफ दिसला की ‘हा माणूस बाह्या सारणारा नव्हे’ असं समोरच्याच्या मनात कुठेतरी उमटतं. मोठ्या पदावरच्या माणसाला ते खपतं. नव्याने रुजू झालेल्याला खपेलच असं नाही.

मोठ्या पदाचं म्हणाल तर व्हाइट हाऊसमध्ये कफलिंकचं वजन अजूनही टिकून आहे. राष्ट्राध्यक्षांची मुद्रा असलेली कफलिंकची जोडी पाहुण्यांना, सहकाऱ्यांना भेट द्यायची पद्धत तिथे जुनी आहे. रेगन फ्रेंच कफ घालत, ट्रम्पही घालतात. १९८०च्या दशकात वॉल स्ट्रीटवर रंगीत शर्टाला पांढरी कॉलर आणि पांढरे फ्रेंच कफ अशी फॅशन होती, वर सस्पेंडर्स. तसा शर्ट आज घातलात तर लोक नाटकातून आलात का म्हणून बघतील.

नंतर ऑफिसचे कपडे सैल होत गेले. १९९२ मध्ये लिव्हाय्ज कंपनीने कॅज्युअल कपड्यांची एक मार्गदर्शिका छापून देशभरच्या एचआर मॅनेजरांना पाठवली. शुक्रवारपुरती आलेली ढिलाई मग आठवडाभर पसरली. २०१९ मध्ये गोल्डमन सॅक्सनेही सूट-टायचा आग्रह सोडला, तेव्हा बाकीच्यांचं काय राहिलं!

३. कुठे घालायचा, कुठे नाही

निश्चिंत घाला: ब्लॅक टाय (म्हणजे टक्सेडो घालायचे) समारंभ, संध्याकाळचं औपचारिक लग्न, संस्थेचं निधी उभारणीचं जेवण, ऑपेराची पहिली रात्र. स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनला तर घालाच.

बघून घाला: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो इथल्या मोठ्या लॉ फर्म, गुंतवणूक बँकेचा क्लायंटशी थेट बोलणारा विभाग, लॉबिंगची ऑफिसं. इथे नियम सोपा आहे. आपल्या वरचे दोन-तीन जण काय घालतात ते आधी महिनाभर बघा. त्यांच्यातला एखादा तरी घालत असेल तर तुम्हीही घाला, आणि तोही पांढरा किंवा फिकट निळा.

टाळा: नोकरीच्या मुलाखती. हा सगळ्यात मोठा सापळा, कारण आपल्याला वाटतं जितकं जास्त तितकं चांगलं. अमेरिकेत मुलाखत घेणाऱ्याने तुमचे कपडे विसरून तुम्हाला लक्षात ठेवायला हवं. गडद निळा सूट, पांढरा शर्ट, बॅरल कफ, साधी टाय. पुरे. कोर्टात ज्यूरीसमोर उभ्या राहणाऱ्या वकिलांनाही इथे हाच सल्ला मिळतो, चकाकणारं काही नको.

सिलिकॉन व्हॅलीत, सिअॅटलला, ऑस्टिनला ऑफिसात घालायचा विचारही करू नका. तिथे सूट घातलेला माणूस दिसला की तो मुलाखतीला आलाय नाहीतर काहीतरी विकायला आलाय, असं धरतात.

दिवसभर कीबोर्डवर काम असेल तर आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. कफलिंक करंगळीच्या बाजूला येते आणि तीच बाजू लॅपटॉपवर टेकते. टाइप करताना धातू सतत टकटक वाजतो आणि वर्षभरात लॅपटॉपच्या कडेला बारीक ओरखडे उठतात. ज्यांना घालायचाच आहे त्यांनी रेशमी गाठी वापराव्यात, पुढे सांगतो.

४. काय काय लागेल

- फ्रेंच कफचे दोन शर्ट: एक पांढरा, एक फिकट निळा. तिसरा घ्यायची घाई नको.
- धातूच्या साध्या कफलिंकची एक जोडी.
- रेशमी गाठींच्या एक-दोन जोड्या.
- कॉलरच्या टोकांत घालायच्या पट्ट्या, शर्टाबरोबर आल्या नसतील तर.
- मापाची टेप.
- कफलिंकसाठी झाकणाची छोटी डबी. हरवते ती नेहमी एकच, आणि उरलेली एक कशाच्याही उपयोगाची नसते.
- जॅकेट. हे यादीत मुद्दाम लिहिलंय. जॅकेट नसेल तर फ्रेंच कफ घालू नये. नुसत्या शर्टावर तो अर्धवट दिसतो.

५. शर्ट घेताना

अमेरिकेत शर्टाचं माप दोन आकड्यांत असतं, उदाहरणार्थ १५½–३३. पहिला आकडा गळ्याचा, इंचांत. दुसरा बाहीचा, पण खांद्यापासून नव्हे. मानेच्या मागच्या मधल्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत. भारतातल्या शर्टावर जो ३९ किंवा ४० लिहिलेला असतो तो गळा सेंटिमीटरमध्ये. १५½ म्हणजे साधारण ३९.

आता खरी गोम. स्वस्त शर्टांवर बाहीचं माप ‘३२/३३’ असं जोडीने देतात. बॅरल कफला घेर कमी-जास्त करायला बहुतेकदा शेजारी-शेजारी दोन बटणं असतात, घट्ट बटण लावलं की कफ मनगटावर अडतो आणि जादा लांबी वरच्या वर खपून जाते. फ्रेंच कफ घट्ट करायची सोयच नाही. बाही अर्धा इंच लांब निघाली की कफ थेट तळहातावर उतरतो आणि दिवसभर तो वर ओढत बसावं लागतं. म्हणून फ्रेंच कफ घेताना बाहीचा एकच नेमका आकडा देणाराच शर्ट घ्या.

कफचा घेरही बघा. आपली मनगटं बहुतेकदा बारीक, आणि इथले तयार कफ रुंद. लिंक लावून मूठ मिटल्यावरही कफ हातावरून खाली घसरत असेल तर तो शर्ट तुमचा नाही. उलट मोठ्या डायलचं घड्याळ वापरत असाल तर डाव्या कफला थोडी जागा लागते. शर्ट शिवून घेणार असाल तर शिंप्याला डावा कफ किंचित सैल ठेवायला सांगता येतं.

कापड पॉपलिन किंवा बारीक ट्विल घ्या. जाड ऑक्सफर्ड कापडाचा फ्रेंच कफ दुमडल्यावर पुठ्ठ्यासारखा होतो. आणि टोकांना बटणं असलेल्या कॉलरचा शर्ट फ्रेंच कफमध्ये दिसला, तर सेलमध्ये कितीही स्वस्त असू दे, उचलू नका. कॉलर म्हणते सहलीला चाललोय, कफ म्हणतो मेजवानीला.

कफवर नावाची आद्याक्षरं भरून देतो असं दुकानदार म्हणेल. इथे, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, त्याची हौस आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन अक्षरं त्यात चपखल बसतात, त्यामुळे मोह होतो. पण त्याच कफवर लिंकही चमकणार असेल तर हे फार होतं. अक्षरं हवीच असतील तर बॅरल कफच्या शर्टावर किंवा छातीच्या खिशावर घ्या.

६. कफलिंक निवडताना

आधी मागची बाजू बघा, पुढची नंतर. सगळ्यात जास्त मिळते ती फिरत्या दांडीची. पुढे नक्षी, मध्ये खुंट, मागे नव्वद अंशांत फिरणारी छोटी दांडी. लावायला सोपी, नवख्यांनी हीच घ्यावी. दुकानात दांडी बोटाने फिरवून बघा. कट्कन जागेवर बसली पाहिजे. ढिली फिरत असेल तर ती लिंक एक दिवस टॅक्सीत राहणार. दोन्ही बाजूंना नक्षी आणि मध्ये साखळी असलेली जोडी दिसायला सर्वांत सुंदर, पण घाईच्या सकाळी एका हाताने ती लावून बघाच.

रेशमी गाठी म्हणजे लवचीक दोऱ्याने जोडलेले दोन छोटे गोंडे. पॅरिसच्या शार्वेने त्या आणल्या आणि इथे ब्रुक्स ब्रदर्ससारख्या दुकानांत त्या वर्षानुवर्षं मिळतात. स्वस्त, हलक्या, आवाज न करणाऱ्या. ऑफिससाठी माझं मत यांनाच. फक्त ब्लॅक टायला चालत नाहीत.

धातू घड्याळाशी आणि पट्ट्याच्या बकलाशी जुळवा. चंदेरी असेल तर सगळं चंदेरी. डॉलरचं चिन्ह, फासे, गोल्फचा चेंडू, लाल-हिरवे खडे असल्या जोड्या ज्याने भेट दिल्या त्याच्याच कार्यक्रमाला एकदा घाला आणि ठेवून द्या. आपल्याकडच्या टाय-रुमाल-कफलिंकच्या एकत्र पेटीतल्या तिन्ही वस्तू एकाच वेळी घालू नका. एका छापाचा टाय, तोच रुमाल, तीच लिंक हे इथे फार हसण्यावारी जातं.

७. लावायची पद्धत

शर्ट अंगात घालायच्या आधीच दोन्ही कफ टेबलावर सपाट ठेवून मधोमध मागे दुमडा. वरचा थर आतल्यापेक्षा अगदी किंचित, दोरा-दोन दोरे, पुढे आला पाहिजे. आतलं कापड खालून डोकावता कामा नये. घडीवर बोटाने दाब द्या आणि मग शर्ट घाला.

उजव्या हाताने कामं करत असाल तर आधी उजवा कफ लावा, कारण तो डाव्या हाताने लावायचा आहे आणि त्याला वेळ लागतो. हात पुढे धरा. कफच्या दोन्ही कडा करंगळीच्या बाजूला आणून आतल्या अंगाने एकमेकींना टेकवा आणि चिमटीत धरा. चारही काजं एका रेषेत आली का बघा. नाही आली तर घडी वाकडी पडली आहे, ओढाताण न करता परत घाला. मग दांडी खुंटाच्या रेषेत सरळ करून लिंक हाताच्या पाठीच्या बाजूने आत ढकला. दांडी तळहाताच्या बाजूला बाहेर आली की ती आडवी फिरवा आणि एकदा हलकेच ओढून बघा.

हात खाली सोडून आरशात बघा. नक्षी बाहेरच्या बाजूला आणि दांडी अंगाकडे हवी. उलट लागलेली लिंक ज्याला कळते त्याला लांबूनही कळते.

आता जॅकेट. हात सरळ सोडल्यावर जॅकेटच्या बाहीखाली शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा, लिंक अर्धवट दिसली तरी पुरे. जॅकेटची बाही अगदी अरुंद शिवलेली असेल तर जाड कफ तिच्यात अडकतो, हात वर केला की जॅकेटची बाही लिंकच्या वर जाऊन बसते आणि परत खाली येत नाही. त्यामुळे सूट आल्टर करायला जाल तेव्हा फ्रेंच कफचा शर्ट घालूनच जा.

८. टक्सेडोची वेळ आली तर

सहकाऱ्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ असेल तर टक्सेडो हवाच. ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ असेल तर गडद सूट चालतो, आणि त्या सूटवर पांढरा फ्रेंच कफ शर्ट अगदी योग्य दिसतो. टक्सेडो हे नावही अमेरिकीच, न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कवरून आलेलं. तिथला क्लब १८८६चा.

टक्सेडोच्या शर्टाला कफलिंकखेरीज पुढच्या पट्टीवर स्टड (काजांतून घालायची सुटी बटणं) लागतात, बहुतेक सेटमध्ये चार. भाड्याने घेतलात तर स्टड आणि लिंक बरोबर मिळतात, पण दुकानातच डबी उघडून मोजून घ्या आणि पिशवीत परत ठेवताना पुन्हा मोजा, हरवलेल्याचे पैसे लावतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एकदा सगळं लावून बघा.

घरात आजोबांची कुडत्याची सोन्याची बटणं असतील तर एक शक्यता आहे. त्यांची साखळी सुटी होत असेल आणि खुंट शर्टाच्या काजांतून नीट जात असेल, तर ती टक्सेडोवर स्टड म्हणून फार देखणी दिसतात. मग कफलिंकही सोनेरी आणि साधी घ्या. खडे बसवलेली असतील तर मात्र राहू द्या, ती कुडत्यावरच शोभतात.

९. धुणं आणि इस्त्री

लाँड्रीत टाकण्याआधी लिंक आणि कॉलरच्या पट्ट्या काढा. काउंटरवर तोंडी सांगून भागत नाही, पावतीवर ‘फ्रेंच कफ’ असं लिहून घ्या. नाहीतर मशीनवर कफ सपाट दाबला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या रेषेवर दुमडून कडक इस्त्री होते. ती चुकीची घडी मग दोन-तीन धुण्यांपर्यंत जात नाही. खळ हलकी सांगा. जास्त खळ घातलेला कफ घडीवर लवकर विरतो.

घरी इस्त्री करत असाल तर कफ पूर्ण उघडून आधी आतली बाजू, मग बाहेरची. घडीवर इस्त्री फिरवू नका, ती हातानेच घाला. घडी गोलसर राहिली की कफ जिवंत दिसतो.

प्रवासात धातूच्या लिंक हातातल्या बॅगेत डबीतच ठेवा. विमानतळावरच्या ट्रेमध्ये सुट्या टाकल्या तर एखादी तिथेच राहते. सूटच्या आतल्या खिशात रेशमी गाठींची एक जोडी कायमची ठेवलेली बरी, कारण फ्रेंच कफला लिंक नसेल तर दुसरा काही इलाजच नसतो.

१०. भारतात शिवून आणणार असाल तर

सुट्टीवर गेल्यावर पुण्या-मुंबईत शर्ट शिवून आणणं स्वस्त पडतं आणि बाहीही मापाची मिळते. शिंप्याला ‘डबल कफ, चार काजं, बटण नाही’ असं स्पष्ट सांगा, कारण सवयीने एक बटण लागून येतं. काजं घडीपासून सारख्या अंतरावर हवीत, खडूने खुणा करायला लावा. कफमधलं अस्तर फार कडक नको. मापं देताना हातात घड्याळ ठेवा आणि स्वतःची एक कफलिंक घेऊन जा, काज तिच्या खुंटाच्या मापाने करून मिळेल. सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढायला सांगा. आणि सहा शर्टांचं कापड घेतलं असलं तरी आधी एकच शिवून घ्या, घरी दोनदा धुवा, जॅकेट घालून बाही बघा, मग उरलेले पाच बेतायला सांगा.